चांदणीखालची ओळ

"चांदणी कुठंय?"

कुणीही मोबाइल पुढे केला की त्यांचा पहिला प्रश्न हाच. मग चष्मा कपाळावर चढायचा, फोन नाकाजवळ जायचा आणि अंगठ्यानं पडदा सरकवत सरकवत ते जाहिरातीच्या अगदी तळाशी पोचायचे. मोठ्या अक्षरातल्या किमतीशेजारी एक इवलीशी चांदणी असते, तुम्हीही पाहिली असेल. तिची जुळी बहीण खाली असते आणि तिच्यापुढे मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ. त्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणायचे, "दुकानदार बोलतो ते वरती असतं. करतो ते इथं असतं."

दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी ब्लॉकमध्ये ते पहिल्या मजल्यावर राहायचे, आम्ही दुसऱ्या. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला ताई. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. सगळा जन्म फायली वाचण्यात गेलेला. शनिवारी सुट्टीच्या सकाळी जिन्याच्या वळणावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि ज्याला टीव्ही, फोन, लॅपटॉप घ्यायचा असेल तो आपली ऑफर घेऊन तिथं यायचा. भाऊंना यंत्रातलं फार कळत होतं असं नाही. त्यांच्या स्वतःच्या फोनला कोपऱ्यात तडा होता. पण अटी मात्र त्यांच्यासारख्या कुणी वाचल्या नसतील. ऑफिसात रद्दी झालेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूला ते ऑफर उतरवून काढत, पेन्सिलीनं खुणा करत आणि फायलीवर साहेब लिहितात तसं समासात लिहीत, 'कृपया चर्चा करें'. चर्चा करायला समोर मीच असायची.

एकदा मी फोनची जाहिरात घेऊन उड्या मारतच खाली गेले. "भाऊ, सूट नाहीये, पण गिफ्ट कार्ड फ्री आहे. एकच की ते."

"एकच कसं, ताई? सूट म्हणजे आज ताटात वाढलेलं. गिफ्ट कार्ड म्हणजे पुढच्या जेवणाचं आमंत्रण. त्याच घरी, त्यांनी ठरवलेल्या मुदतीत, आणि भाजी त्यांच्या आवडीची."

माझी मुलगी रेवा शेजारी उभी होती. जन्म दिल्लीतला, त्यामुळे मराठी अर्धी. "मुदत म्हणजे?"

"डेडलाइन," भाऊ म्हणाले. "आणि मराठीत ती जास्त कडक असते."

वरच्या मजल्यावरचे मिश्राजी भाऊंना न विचारता टीव्ही घेऊन आले होते. टीव्हीवर गिफ्ट कार्ड मिळालं, कार्डावर त्यांनी मिक्सर घेतला. आठवड्यानं टीव्ही पसंत पडेना, परत केला, तर कार्डाची रक्कम कापून उरलेलेच पैसे मिळाले. मिश्राजी तणतणत जिन्यात आले. भाऊंनी शांतपणे चष्मा वर केला आणि ओळीवर बोट ठेवलं.

"यार, ये तो मुझे दिखा ही नहीं," मिश्राजी म्हणाले.

"दिखाने के लिए लिखा भी नहीं है," भाऊ म्हणाले.

माझा फोन घ्यायला आम्ही मेट्रोनं करोल बागला गेलो होतो. भाऊ काउंटरला टेकून अटींचा कागद वाचायला लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागे गिऱ्हाइकं ताटकळलेली. शेवटी दुकानदार वैतागला. "अंकल जी, लेने आए हो या पढ़ने?"

"पहले पढ़ेंगे," भाऊ म्हणाले, "फिर लेंगे."

अर्ध्या तासानं दुकानदारानंच त्यांना स्टूल दिलं आणि विचारलं की बँकेची सूट आणि कंपनीची सूट दोन्ही एका बिलावर लागतात का, कारण त्यालाही ते नक्की ठाऊक नव्हतं. लागत नव्हत्या. मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. मी दुसऱ्या काउंटरवर जाऊन चार्जर बघत बसले होते.

भाऊंच्या बाबतीत आमच्या जिन्यात सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे त्यांचं विद्यार्थी असणं. झालं असं की एके दिवशी डिलिव्हरीवाला मोठं खोकं घेऊन आला आणि खालूनच ओरडला, "स्टूडेंट कौन है? आईडी दिखाना पड़ेगा." आम्ही सगळ्या बायका कठड्यावर. आणि भाऊ, डोक्याला टक्कल, अंगात बनियन, हातात कार्ड घेऊन खाली उतरले. "मैं ही हूँ."

डिलिव्हरीवाल्यानं कार्डाकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, परत कार्डाकडे पाहिलं. कार्ड मुक्त विद्यापीठाचं होतं. फोटो भाऊंचाच होता, टाय लावलेला.

"काय करणार," भाऊंनी वर बघून आम्हाला सांगितलं, "विद्यार्थ्यांना सवलत आहे. वयाची अट कुठं लिहिलेली नाही. मुक्त विद्यापीठ चालतं का म्हणून कंपनीला मेल पाठवून विचारलं, तीन आठवड्यांनी उत्तर आलं, चालतं. मग घातलं नाव." खोक्यात लॅपटॉप होता. त्यावर मिळालेल्या गिफ्ट कार्डाची त्यांनी वहिनींना विजेची किटली आणली.

जिना हसून हसून लोटपोट. सवलतीसाठी कॉलेजात नाव घालणारा माणूस. मी ही गोष्ट माझ्या ऑफिसात सांगितली, माहेरी फोनवर सांगितली, नोएडाला नवऱ्याच्या ऑफिसच्या पार्टीत सांगितली, आणि दर वेळी थोडं मीठमसाला वाढवून. भाऊंना तोंडावर 'सवलतीचे विद्यार्थी' म्हणायला सुरुवात मीच केली. ते हसायचे. चिडले असते तर मी थांबले असते कदाचित.

त्यांच्या भाजीवरूनही आम्ही चिडवायचो. दर रविवारी सकाळी दहाला ते कापडी पिशवी घेऊन निघत. "भाजी घेऊन येतो." परत येत दुपारी तीन-साडेतीनला, आणि पिशवीत काय, तर दोन मुळे आणि कोथिंबिरीची जुडी. "भाऊ, मुळे उगवायची वाट बघत बसला होतात का?" असं मी विचारलं की म्हणायचे, "घासाघीस करायला वेळ लागतो, ताई."

आता रेवाचं सांगते. बारावीनंतर तिला डिझाइनच्या कॉलेजात जायचं होतं. पहिल्या वर्षी जमलं नाही, म्हणून तिनं एक वर्ष ड्रॉप घेतला. दुसऱ्यांदा लेखी परीक्षेत पास झाली, आणि आता तीन आठवड्यांत आपल्या कामाचा पोर्टफोलिओ बनवून पाठवायचा होता. नेमका तेव्हाच आमच्या घरचा जुना लॅपटॉप बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, ह्याला नमस्कार करा. रेवा दोन दिवस नीट जेवली नाही. एक वर्ष गेलं होतं, दुसरं जाऊ देणं परवडणारं नव्हतं, आणि तिला लागणारा लॅपटॉप पूर्ण किमतीत आमच्या आवाक्यात नव्हता. नवरा म्हणाला, "तू बघ." हे त्याचं नेहमीचं.

मी बघितलं. विद्यार्थ्यांना सवलत, वर गिफ्ट कार्ड, रविवारपर्यंत. तेवढ्यात बसत होतं. पण रेवा त्या क्षणी कुठल्याच कॉलेजात नव्हती. क्लासचं ओळखपत्र चालत नाही, असं लिहिलेलं होतं. एवढं वाचायला मीही शिकले होते.

आता सरकारी वसाहतीतली एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे, नाहीतर मी जे केलं ते तुम्हाला निर्लज्जपणाचं वाटेल. आमच्या जिन्यात कार्डं वाटीभर साखरेसारखी फिरायची. लायब्ररीचं कार्ड एकाचं, पुस्तकं सगळ्यांची. क्लबचं कार्ड मिश्राजींचं, पोहायला आमची रेवा. कुणाला त्यात काही वाटायचं नाही. तेव्हा शनिवारी सकाळी मी भाऊंच्या खुर्चीपुढे उभी राहिले आणि साखर मागावी तसं म्हटलं, "भाऊ, तुमचं विद्यार्थ्याचं कार्ड द्या जरा. रेवाचा लॅपटॉप तुमच्या नावावर मागवते."

त्यांनी चष्मा वर केला. फोन घेतला. तळाशी गेले. फार वेळ वाचत होते.

"नाही जमायचं, ताई. स्वतःसाठीच घ्यायचा, असं लिहिलंय."

"लिहितात हो. बघायला कोण येतंय?"

"कुणी नाही येणार."

"मग?"

"सवलत विद्यार्थ्याला आहे. कार्डाला नाही."

तीन आठवडे, रेवाचं न जेवणं, नवऱ्याचं 'तू बघ', सगळं माझ्या डोक्यात उकळत होतं. आणि माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "मोठे आले विद्यार्थी. तुमचं कार्ड तरी कुठं खरं आहे, भाऊ? सवलतीसाठीच काढलंय ना? सगळ्या जिन्याला माहीत आहे."

जिन्यात तेव्हा मिश्राजी होते, त्यांची बायको होती, रेवा होती. कुणीतरी फिस्कन हसलं. भाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, डोळ्यांवर नीट बसवला आणि फोन मला परत दिला. "बरोबर आहे," म्हणाले. खुर्ची उचलली आणि आत गेले. शनिवार असून त्या दिवशी पुढे कुणाच्या अटी वाचल्या गेल्या नाहीत.

घरी आल्यावर रेवा म्हणाली, "मम्मी, तू फार गलत बोललीस." मी तिलाही ओरडले.

दुसऱ्या दिवशी रविवार. भाऊ दहाला पिशवी घेऊन निघालेले मी खिडकीतून पाहिले. पिशवी अगदी सपाट, काखेत धरलेली. एरवी तिच्यात काहीतरी चौकोनी असायचं, ते मला त्या दिवशी नाही म्हणून जाणवलं. पाच मिनिटांत दारावर थाप पडली. वहिनी होत्या. हातात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"रेवाचं काम होईपर्यंत राहू दे," त्या म्हणाल्या आणि अभ्रा टेबलावर ठेवला. आत भाऊंचा लॅपटॉप होता, चार्जरसकट.

"पण अटी?"

"वाचल्यात त्यांनी. म्हणाले, स्वतःसाठी घ्यावा असं लिहिलंय, विकू नये असं लिहिलंय. शेजारच्या मुलीला वापरायला देऊ नये असं कुठं लिहिलेलं नाही. काल तीनदा वाचत होते."

मी त्यांना बसवलं, चहा टाकला. वहिनी तशा अबोल. पण त्या दिवशी बोलल्या, आणि आवाज न चढवता बोलल्या, ते मला जास्त लागलं.

"तुम्ही काल बोललात ते मी आतून ऐकलं. यांचे वडील गेले तेव्हा हे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वडिलांच्या जागेवर नोकरी लागली, एकोणिसाव्या वर्षी दिल्लीला आले. शिक्षण राहिलं ते राहिलंच. आता हाताखाली येणारी मुलं एम.ए., बी.टेक. यांना कुणी विचारलं की हे विषय बदलतात. रविवारी भाजीला जात नाहीत हो ते. स्टडी सेंटरला वर्ग असतो. वही आणि लॅपटॉप पिशवीत घालून नेतात."

"मग तसं सांगायचं की. आम्ही काय हसलो असतो?"

हसलो असतो, हे दोघींनाही माहीत होतं.

"सवलतीसाठी घेतलं म्हटलं की लोक एकदा हसतात आणि सोडून देतात," त्या म्हणाल्या. "शिकायचंय म्हटलं की विचारतात, आता कशाला? त्याला यांच्याकडे उत्तर नाही. बॅग घ्या म्हटलं तर तीही नको. बॅग पाठीवर दिसली की लोक विचारतील."

चहा तसाच राहिला. त्या गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. रेवासाठी भाऊंनी तिच्या नावाचं वेगळं खातं बनवून ठेवलं होतं, पासवर्ड कागदावर, पेन्सिलीनं. रेवाला काहीतरी शोधताना दुसऱ्या ड्राइव्हवर एक फोल्डर सापडलं. नाव होतं 'भाजी'. आत राज्यशास्त्राच्या नोट्स होत्या, धडावार, आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी स्वतःलाच लिहिलेलं, 'कृपया चर्चा करें'. मला हसू आलं, आणि मग रडूच आलं. इतकी वर्षं शनिवारी मी त्यांच्यासमोर बसले, पण चर्चेला त्यांना कुणी नव्हतं.

रेवाचा पोर्टफोलिओ वेळेत गेला. तोपर्यंत तीन आठवडे भाऊ असाइनमेंट हातानं लिहीत होते. मी लॅपटॉप त्याच अभ्र्यात, धुऊन इस्त्री केलेल्या, घेऊन खाली गेले. तीन आठवडे वाक्य जुळवत होते. दार त्यांनीच उघडलं.

"चार्जर आहे ना आत?"

"आहे. भाऊ, मी त्या दिवशी जे बोलले ना..."

"त्याची मुदत संपली, ताई," ते म्हणाले. "मुदत संपलेल्या गोष्टीच्या अटी कशाला वाचायच्या? रेवाला सांगा, मुलाखतीची तयारी कर."

मी माफी मागितलीच नाही, म्हणजे त्यांनी मागू दिली नाही. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर तिथंच रेटून बोललं असतं. मी वेळेवर नको ते बोलते आणि हवं ते गिळते.

त्याच मेअखेर भाऊ निवृत्त झाले. ऑफिसनं भिंतीवरचं घड्याळ दिलं. क्वार्टर सोडायला काही महिने मिळतात, पण त्यांनी सामान जूनमध्येच बांधलं आणि वर्ध्याला, वहिनींच्या माहेरगावी जायचं ठरवलं. ट्रक सकाळी गेला. ते दोघं ऑटोत बसले, भाऊंच्या मांडीवर ती कापडी पिशवी, आता चौकोनी. निघताना त्यांनी रेवाला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. मागून मी विचारलं तर ती म्हणाली, "दोन पेपर राहिलेत म्हणाले. सेंटर बदलून घेतलंय."

पहिल्या मजल्यावर आता ओडिशाचं एक कुटुंब आहे. माणसं चांगली आहेत. जिन्याच्या वळणावर खुर्ची नाही, तिथं त्यांची सायकल असते.

रेवाला नोएडाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. कॉलेजचं कार्ड हातात आलं त्या संध्याकाळी आम्ही दोघी लॅपटॉप मागवायला बसलो. तिचं नाव, तिचं कार्ड, तिची सवलत. मी चष्मा कपाळावर चढवला आणि तळाशी गेले. रेवा म्हणाली, "मम्मी, तू सेम भाऊकाका दिसतेस." मी सगळं वाचलं. वर्षाला एकच लॅपटॉप. बँकेची सूट यावर नाही. गिफ्ट कार्ड वस्तू परत करायची मुदत संपल्यावर येणार. आणि शेवटून दुसरी ओळ, हे कार्ड दुसऱ्याला भेट देता येतं.

गिफ्ट कार्ड आलं तेव्हा रेवाला हेडफोन हवे होते. मी नाही म्हटलं. का, ते सांगितल्यावर तिनं हेडफोनचं नावही काढलं नाही. उलट तीच पानं सरकवत बसली. "ही काळी नको, ऑफिसवाली वाटते. ही घे, कॉलेजवाली." निळी सॅक होती, आत लॅपटॉपचा कप्पा, दोन्ही बाजूंना पाण्याच्या बाटलीची जागा. पत्ता वर्ध्याचा घातला. सोबत चार शब्द लिहायची सोय होती. मी लांबलचक लिहिलं आणि खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं, 'चुकलं माझं. ताईकडून. अट काही नाही.'

पोचल्याचा मेसेज आला. भाऊंकडून मात्र काही नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. मला वाटलं, परत एकदा चुकलं आपलं. जे झाकायला त्या माणसानं एवढा खटाटोप केला तेच आपण पाठीवर लावायला पाठवलं. एका रविवारी राहवेना, म्हणून अकराच्या सुमारास फोन केला. वहिनींनी उचलला.

"अगंबाई, तुम्ही होय. हे घरी नाहीत. कॉलेजला गेलेत."

असं म्हणाल्या, जसं एखादी म्हणते ऑफिसला गेलेत. आवाजही मोठा, मागं कुणी पाहुणे बसले असावेत असा.

"सॅक मिळाली का, वहिनी?"

"मिळाली की. इतके दिवस कपाटावर होती. रोज उतरवायचे, कप्पे उघडून बघायचे, परत ठेवायचे. आज सकाळी पाठीला लावली. समोरच्या देशमुखांनी विचारलंच, काय भाऊ, सकाळी सकाळी कुठं? मी आतून ऐकत होते, म्हटलं आता म्हणतात भाजी. तर म्हणाले, कॉलेजला. शेवटचा पेपर राहिलाय."

मी विचारलं, "आणि भाजी?"

"ती मीच आणली," वहिनी म्हणाल्या. "चांगली आठवडाभराची."